अर्ध्या मिनिटाची शांतता

"ऐका," असं म्हणून ग्रंथपालबाईंनी स्वतःच्या कानांवरचे हेडफोन काढून माझ्या कानांवर चढवले.

मी ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"काय ऐकू आलं?"

"काही नाही."

"तेच म्हणते मी," असं म्हणून त्या खुर्चीत टेकल्या. "हे दुसऱ्या खंडाचं अकरावं प्रकरण. सुरू होऊन दोन मिनिटं झालीत. लिलाववाले काका वाचतायत म्हणे."

नीट कान दिला तर काका खरंच वाचत होते. शेजारच्या घरात कोणी हलक्या आवाजात बोलत असावं तितपत. बाईंनी माझ्यासमोर पत्रांचा गठ्ठा सरकवला. एकोणीस सभासदांनी कळवलं होतं आणि एकोणीस जणांचं म्हणणं एकच होतं, काकांच्या पुस्तकांचा आवाज वाढवा.

"शुक्रवारी समितीची बैठक आहे," बाई म्हणाल्या. "दीपगृहाच्या कादंबरीचा तिसरा खंड आता दुसऱ्या कोणाकडे द्यावा असं माझं मत आहे. काकांना आपण छानसं आभाराचं पत्र देऊ. पंचवीस वर्षं वाचलं त्यांनी. आवाज कधीतरी थकणारच."

"मला शुक्रवारपर्यंत द्या. मी दुसऱ्या खंडाचा आवाज वर आणून दाखवतो. तो ऐकण्यासारखा झाला तर तिसरा त्यांच्याकडेच राहू दे."

"आणा. पण माणसाचा आवाज आणा, पंख्याचा नको."

आमची लायब्ररी बोलक्या पुस्तकांची. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांना आम्ही पुस्तकं ऐकवतो. वाचणारी मंडळी हौशी. आम्ही त्यांना एक छोटं यंत्र देतो, ती घरी बसून वाचतात, त्यातलं कार्ड आणून देतात. माझ्या ओळखपत्रावर सहायक लिपिक असं लिहिलंय, पण काम आवाज मापात आणण्याचं. कोणी माइक गिळल्यासारखं वाचतं, कोणी माइकला घाबरून वाचतं. ऐकणाऱ्याला प्रत्येक प्रकरणाला उठून बटण फिरवायला लागू नये एवढं मी बघतो. पूर्वी यंत्रावर काटा होता, तो लाल पट्टीत जाऊ द्यायचा नाही आणि झोपूही द्यायचा नाही. त्यावरून सभासदांनी माझं नाव काटेवाले ठेवलं. काटा गेला, नाव राहिलं.

लिलाववाल्या काकांनी तीस वर्षं लिलाव पुकारले. जुनी कपाटं, बंद पडलेली घड्याळं, गेलेल्या माणसांची पुस्तकं, सगळं त्यांनी भर गर्दीत उभं राहून विकलं. निवृत्त झाल्यावर गप्प बसवेना म्हणून आमच्याकडे आले. पहिल्या दिवशी मी त्यांना चाचणीसाठी काहीतरी बोला म्हटलं. ते "एक वार, दोन वार" म्हणाले आणि माझा काटा लाल पट्टीत जाऊन तिथेच अडकला. मी त्यांना दोन हात मागे बसवलं, मग चार हात, शेवटी दाराजवळ. त्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही अशी तक्रार यावी हे मला पटतच नव्हतं. वाचन काढून घेतलं तर ते दिवसभर करतील काय, हाही प्रश्न होता. मागे एकदा यंत्र दुरुस्तीला आणलं होतं तर तीन आठवड्यांत त्यांनी मला अकरा फोन केले होते.

आता काट्याच्या जागी संगणक आहे आणि संगणकात एक काळी खिडकी. तिच्यात चित्र नाही, बटण नाही, नुसती एक पांढरी रेघ लुकलुकत असते. भाचीने मला ती शिकवली. "मामा, एकेक फाईल उघडून आवाज वाढवत बसलात तर जन्म जाईल," ती म्हणाली, "इथे एक ओळ लिहायची, सगळं पुस्तक एका दमात." मी त्या ओळी वहीत उतरवून घेतल्या. डॅश आर म्हणजे प्रत्येक फाईल वेगळी मोजून एकाच मापावर आण. डॅश ए म्हणजे अख्खं पुस्तक एकत्र मोज आणि सगळ्या फाईली सारख्याच वाढव. डॅश यू म्हणजे केलेलं सगळं परत घे. ही शेवटची सोय पाहून मी भाचीला म्हणालो, हे तुझ्या मामीला दाखवू नकोस, ती लग्नापासून सुरुवात करील.

मंगळवारी सकाळी मी दुसऱ्या खंडाच्या फोल्डरमध्ये शिरलो, डॅश आर लिहिलं, शेवटी ताऱ्याची खूण टाकली आणि बटण दाबलं. तारा म्हणजे फोल्डरमध्ये असेल नसेल ते सगळं. खिडकीत आकडे धावू लागले. माप एकोणनव्वद डेसिबलचं, काकांची प्रकरणं चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर अशी. सगळी वर आली. मी खूश होऊन डबा खाऊन आलो आणि ऐकायला म्हणून पहिल्या फाईलीवर टिचकी मारली.

कानात गिरणी सुरू झाली. मी हेडफोन फेकलेच.

माझी चूक लगेच ध्यानात आली. आमच्याकडे एक पद्धत आहे. वाचायला बसण्याआधी वाचकाने अर्धा मिनिट काहीही न बोलता यंत्र चालू ठेवायचं. मधे कोणी खोकलं, कुठे कुत्रं भुंकलं, तर तेवढं कापून तिथे त्याच खोलीतल्या शांततेचा तुकडा जोडायचा. शिंपी त्याच ताग्यातला तुकडा ठिगळासाठी बाजूला ठेवतो, तसंच. तिला मी गप्प फाईल म्हणतो. नियमाने पुस्तकाला एक गप्प फाईल पुरते, पण काका शिस्तीचे, दर बैठकीला नवी भरायचे. त्या सगळ्या फोल्डरमध्ये होत्या आणि माझ्या ताऱ्याने त्याही उचलल्या होत्या. शांतता चाळीसच्या मापाची, तिला हुकूम मिळाला एकोणनव्वदचा. बिचारीने होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं.

हेडफोन परत लावले तेव्हा कळलं की ती गिरणी म्हणजे काकांच्या घरचा फ्रीज. घड्याळ हातोडा मारल्यासारखं वाजत होतं. फाईल बंद करणार, तेवढ्यात एक बाई बोलली.

"अहो, खुर्ची पुढे घ्या. आणखी. तोंड भिंतीकडे आहे तुमचं."

"आता?" हा काकांचा आवाज.

"आता बरोबर. पहिलं वाक्य लांब आहे, दोन तुकड्यांत देते."

"एका दमात दे गं."

"काल एका दमात घेतलंत आणि मधेच जहाज बुडवलंत. ते पुढच्या पानावर बुडतं."

"बरं. चष्मा लावलाय ना मी?"

"लावलाय. कशाला लावता कोण जाणे."

"कोणी आलं तर?"

"कोण येतंय. चला, म्हणा."

मी ती फाईल बंद केली. मग पहिलं प्रकरण लावलं. आता ते वर आलेलं होतं, त्यामुळे काकांच्या दोन वाक्यांमधल्या जागाही वर आल्या होत्या. प्रत्येक जागेत काकू होत्या. त्या कुजबुजत एक वाक्य सांगायच्या, काका ते म्हणायचे. पुन्हा त्या, पुन्हा ते. काका अलीकडे सावकाश वाचतात, ऐकणाऱ्याला उसंत देतात, असं मी स्वतः दोनदा अहवालात लिहिलं होतं. त्यांचा आवाज का उतरला तेही कळलं. कुजबुजणाऱ्या माणसाला आपण ओरडून उत्तर देत नाही.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी वाचणाऱ्या आमच्या सगळ्यात जुन्या वाचकाला दिसत नव्हतं.

काम बाजूला राहिलं. मी कपाटातून काकांची मागची कार्डं काढली आणि सगळ्या गप्प फाईलींना एकोणनव्वदचा हुकूम दिला. चार वर्षं मागे जाईपर्यंत ऐकत बसलो. दुसऱ्याच्या घरात असं कान लावून बसणं बरं नव्हे हे मलाही कळतं, पण उठवेना. प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचा संसार होता तो. एकीत काकू म्हणत होत्या, "मी बोलत नाहीये तुमच्याशी." काका म्हणाले, "मग वाचणार कशी?" "वाचीन. बोलणार नाही." एकीत दोघं नुसते हसत होते, कशाला ते कळायला मार्ग नव्हता, आणि शेवटी काकू म्हणाल्या की पुरे आता, आज एका म्हाताऱ्याचं मरण वाचायचंय. एकीत काका विचारत होते, "आज काय नेसलीयेस?" काकूंनी, "तीच, निळी," असं सांगितलं आणि काका म्हणाले, "मग ठीक आहे."

सगळ्यात जुनी फाईल शेवटी हाती आली.

"काहीच दिसत नाही का आता?" काकू विचारत होत्या.

"उजेड दिसतो. तू दिसतेस, म्हणजे आकार."

"मग हे यंत्र परत देऊन टाकायचं ना?"

त्यानंतर फक्त घड्याळ होतं. अर्धा मिनिट संपत आलं तेव्हा काका म्हणाले, "तू वाच. मी म्हणतो."

मी हेडफोन काढून ठेवले आणि रुमाल शोधला. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बायको स्वयंपाकघरातून काहीतरी सांगत होती. एरवी मी हुंकार देतो. त्या दिवशी आत जाऊन विचारलं, "काय म्हणालीस?" तिने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे निरखून बघितलं. "डॉक्टरकडे जाऊन आलात का?" ती म्हणाली, "काही लपवत असाल तर आत्ताच सांगा."

आता माझी अडचण सांगतो. वाचकाच्या अर्जावर तिसऱ्या क्रमांकाला छापलंय, एका पुस्तकात एकच आवाज, दुसरा आवाज आढळल्यास ध्वनिमुद्रण बाद. हा नियम एका पोपटामुळे झाला. एका वाचकाच्या पोपटाने नायिकेच्या अंत्यसमयी "दार लाव" असं बजावलं होतं आणि ते तसंच दोनशे घरांत गेलं होतं. तेव्हापासून ग्रंथपालबाई दुसऱ्या आवाजाच्या बाबतीत ऐकून घेत नाहीत. म्हणजे आवाज वाढवला तर काकू ऐकू येणार आणि पुस्तक बाद. नाही वाढवला तर काका ऐकू येणार नाहीत आणि काकाच बाद. मी डॅश यू दाबून सगळं होतं तसं केलं आणि बुधवारी त्यांच्या घरी गेलो.

काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. चष्मा लावलेला, हातात वर्तमानपत्र. पत्र सुलटं होतं, पण मागच्या रविवारचं. "या काटेवाले," ते म्हणाले, "तिसरा खंड आणलात का? बाई देणार देणार म्हणतायत आठ दिवस."

"येईल आठवड्यात."

"लवकर बघा. दीपगृहावरची ती धाकटी सून दिवा पेटवते की नाही, झोप नाही मला." मग पान उलटून त्यांनी वर्तमानपत्राकडे बघत मान हलवली. "काय काय छापतात हल्ली."

काकू चहा घेऊन आल्या. पंचवीस वर्षांत या बाईंच्या तोंडून मी तीन वाक्यं ऐकली असतील. कप ठेवायचा आणि दाराआड व्हायचं. मी हात धुवायच्या निमित्ताने त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, "काकू, मी गप्प फाईली ऐकल्या."

त्या नळ बंद करायचं विसरल्या. तो मी बंद केला.

"यंत्र तेवढं ऐकतं?" त्यांनी विचारलं.

"एरवी नाही. माझ्या हातून चूक झाली."

"त्यांना सांगू नका. त्यांना वाटतं कोणाला कळत नाही." त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "फसवायचं नव्हतं हो कोणाला. आणि हे आमचं काही नवीन नाही. लिलावातसुद्धा मागे उभी राहून मीच सांगायची. कपाटाचा मागचा पाय नवा बसवलाय, घड्याळ दुपारी थांबतं. माल लपवून विकायचा नाही असं त्यांचं, पण लक्षात माझ्या राहायचं. मी हळू सांगायची, ते पुकारायचे. लोकांना वाटायचं काय माहिती आहे या माणसाला."

"तुम्हीच का नाही वाचत सरळ?"

"मी?" त्या हसल्या. "माझा आवाज कोणाच्या कानात जायचा. मुलगीसुद्धा म्हणते, आई, फोनवर तू आहेस की लाइन गेली." मग पदराने कोरडाच हात पुसत म्हणाल्या, "तुमच्या मशीनमध्ये माझा आवाज काढून टाकता येतो का? तेवढा काढा. त्यांचा ठेवा. ते वाचायचं थांबले तर मग..."

काढता येतो म्हणालो. येतोच. प्रत्येक वाक्यामागची जागा कापायची आणि तिथे शांततेचं ठिगळ लावायचं. फक्त त्यांच्या घरची बोलणारी शांतता चालणार नव्हती म्हणून मी आमच्या स्टुडिओतली वापरली. अकराव्या प्रकरणाची नक्कल करून घेतली आणि त्यातून गुरुवारी दुपारपर्यंत काकूंना तीनशे बारा वेळा बाहेर काढलं. हात भरून आला. मग ते प्रकरण वर चढवून खुर्चीवाल्या आप्पांना पाठवलं. आप्पा जन्मापासून पाहू शकत नाहीत. वेताच्या खुर्च्या विणतात आणि विणताना पुस्तकं ऐकतात. समितीवर ऐकणाऱ्यांचे प्रतिनिधी तेच, आणि नवीन काही केलं की मी आधी त्यांच्या कानावर घालतो. त्यांच्या कानातून सुटलं ते कोणाच्याही कानातून सुटतं.

तासाभरात फोन आला.

"काटेवाले, बाई कुठे गेल्या?"

"कुठल्या बाई?" मी साळसूदपणे विचारलं.

"असं करू नका. अकराव्या प्रकरणात पहिल्या ओळीपासून बाई नाहीत. बऱ्या आहेत ना त्या?"

"आप्पा, तुम्हाला माहीत आहे?"

"मला? अहो, चार वर्षं सगळ्यांना माहीत आहे. आम्ही कानांवर जगणारी माणसं, घरात दुसरं माणूस श्वास घेतं तेही कळतं. पहिल्या दिवशीच कळलं. आधी बाई सांगतात, मग ते म्हणतात. एकेक पुस्तक आम्ही दोनदा ऐकतो. बाई गोष्ट आपल्याला सांगितल्यासारखी सांगतात, आणि काका ती चौकात पुकारतात. माझी बायको तर बाईंचंच ऐकते, काकांच्या वेळी भाजी ढवळते."

"मग कोणी बोललं का नाही?"

"बोललो असतो तर तुमच्या बाईंनी पुस्तक बाद केलं असतं. पोपटाची गोष्ट आम्हालाही माहीत आहे. म्हणून सगळ्यांनी नुसतं लिहिलं, आवाज वाढवा."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. "म्हणजे ती एकोणीस पत्रं..."

"काकांचा आवाज मला बटण निम्म्यावर ठेवूनही पुरतो हो. कमी पडतात त्या बाई. बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी त्यांचे शब्द निसटतात. वयही झालंय त्यांचं. अलीकडे आणखी हळू झाल्यात. आम्हाला वाटलं, वेळेत सांगावं."

मला हसू आवरेना. हसता हसता मी कापलेली नक्कल पुसून टाकली, तीनशे बारा कापांसकट. मग वही उघडली. आदल्या खेपेला मी डॅश आर वापरलं होतं, ज्यात प्रत्येक फाईल स्वतंत्र खेचली जाते. या वेळी डॅश ए लिहिलं. अख्खं पुस्तक एक धरायचं आणि सगळं सारखंच वर उचलायचं. काका जेवढे वर येतील तेवढ्याच काकू येतात, दोघांमधलं अंतर त्यांचं त्यांच्याकडे राहतं. शांतताही शांतताच राहते. माप मात्र मी एकोणनव्वदवर ठेवलं नाही, भाचीला फोन करून आणखी कसं चढवायचं ते विचारून घेतलं. ती म्हणाली, "मामा, त्यापुढे मोठे आवाज फाटतील." मी म्हणालो, फाटू देणार नाही, एकेक पायरी चढतो. दर पायरीला अकरावं प्रकरण ऐकलं. चौथ्या पायरीला काकूंचा शब्दन् शब्द लागला आणि काका अजून फाटले नव्हते. तिथे थांबलो.

शुक्रवारी बैठकीत ग्रंथपालबाईंनी आभाराचं पत्र टाईप करूनच आणलं होतं. मी सगळं सांगितलं, काहीही न लपवता, फक्त गप्प फाईली मी किती ऐकल्या तो आकडा कमी करून सांगितला. ऐकत गेल्या तसा बाईंचा चेहरा लांबत गेला.

"म्हणजे चार वर्षं दुसरा आवाज आहे," त्या म्हणाल्या. "नऊ पुस्तकं. नऊच्या नऊ नियमात बसत नाहीत."

"एक प्रकरण ऐका," आप्पा म्हणाले, "आणि मग बाद करा."

बाईंनी हेडफोन लावले. अकरावं प्रकरण सव्वीस मिनिटांचं आहे. कोणी उठलं नाही. आप्पांनी खिशातून वेताचा तुकडा काढून बोटांत खेळवायला सुरुवात केली. बाईंच्या चहावर साय धरली. विसाव्या मिनिटाला त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि मी आपला छताकडे बघत बसलो.

"म्हातारीला मुलाचं पत्र येतं तिथे," हेडफोन काढून त्या म्हणाल्या, "काकू वाचता वाचता थांबतात. रडतात का?"

"हो," आप्पा म्हणाले. "आणि काका तिथे विचारतात, काय झालं. मग तेच वाक्य अगदी कोरडं म्हणून टाकतात, त्यांना धीर यावा म्हणून."

बाईंनी आभाराचं पत्र उचललं, दोनदा घडी घातली आणि पर्समध्ये टाकलं. "नियम पोपटासाठी होता," त्या म्हणाल्या. "अर्जावर वाचकाच्या नावाला एकच ओळ आहे. काटेवाले, तिथे दुसरी ओळ आखून घ्या. आणि काकांच्या नावाने सभासदाचं कार्डही करा. वाचतात तशी ऐकूही देत त्यांना पुस्तकं. कोणीतरी हे आधी सुचवायला हवं होतं."

काकांना हे कोणी सांगायचं हा प्रश्न उरला. शेवटी आप्पा म्हणाले, मी सांगतो, आमच्यात ते सोपं जातं. त्यांनी तिथूनच फोन लावला. पलीकडून काका काय म्हणाले ते आम्हाला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं. "सगळ्यांना माहीत होतं? चार वर्षं? मग मी रोज तो चष्मा कशाला पुसत होतो?"

सोमवारी दोघं तिसरा खंड सुरू करायला स्टुडिओत आले. काकूंनी निळी साडी नेसली होती. काका त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांदेखत, सरळ चालत आले. चष्मा मात्र नाकावर होताच. मी दोन माइक लावले होते. काकूंनी आपल्यासमोरचा माइक पाहिला आणि त्या दाराकडे बघू लागल्या.

"काकू, सुरुवातीला पुस्तकाचं नाव आणि वाचकांची नावं सांगायची असतात. या खेपेला तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितलं. माझ्या पडद्यावरची आवाजाची हिरवी पट्टी जागची हलली नाही.

"अगं, मोठ्यांदा," काका म्हणाले, "मागच्या रांगेला ऐकू जायला हवं."

काकूंनी पुन्हा सांगितलं. पट्टी जेमतेम एक घर वर गेली. तिसऱ्यांदा सांगताना त्या काकांच्या नावापर्यंत आल्या, एक श्वास घेतला आणि मग स्वतःचं नाव उच्चारलं. पट्टी निम्म्यावर गेली आणि तिथे टिकली. काकांनी टेबलावर बोट आपटलं, बोली पक्की झाली की ते आपटायचे तसं.

"आता अर्धा मिनिट गप्प," मी काचेआडून सांगितलं. "या खेपेला खरोखर गप्प."

दोघं गप्प बसले. काकूंच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. आठ-दहा सेकंद गेले असतील, काकांनी हात वर नेला, चष्मा काढला, खिशातून डबी काढली आणि चष्मा घडी घालून आत ठेवला. डबी मिटल्याचा टक असा आवाज झाला. काकूंनी पुस्तकावरून त्यांच्याकडे पाहिलं, पण त्या बोलल्या नाहीत, आणि काका हात गुडघ्यांवर ठेवून पहिल्या वाक्याची वाट बघत राहिले.

तिसऱ्या खंडातले खोकले मी त्याच शांततेने बुजवले. ठिगळाला सुरुवातीचे सेकंद पुरतात. फाईल मात्र मी कापली नाही. ती अर्ध्या मिनिटाचीच आहे आणि तो टक तिच्यात आहे.